जुनी १८ फुटी फायबर बोट + २५ एचपी टू-स्ट्रोक, २.४० लाख सांगतायत. घ्यावी का?

खाडीकाठची_सून

नमस्कार. वाशिष्ठी रुंद होत दाभोळकडे जाते त्या पट्ट्यात, खाडीला लागूनच आमचं सासरचं घर आहे. भरतीचं पाणी पायऱ्यांना लागतं आणि घरात साधी होडी नाही. नवरा आणि दीर दोघांनाही गरवायचा (गळाने मासे पकडायचा) नाद, त्यामुळे शेजाऱ्यांची होडी कधी मोकळी होते याची वाट बघत बसतात. यंदा ठरवलं, आपली घ्यायची. घरातले हिशेब मी बघते, म्हणून चौकशीही माझ्याच गळ्यात.

तालुक्यातच एक बोट विकायला आहे. १८ फुटी, फायबरची, मालक म्हणतो २०१० ची. मागे २५ एचपीचं टू-स्ट्रोक मशीन, हँडलवालं. आधी मासेमारीला होती, मग हात बदलले. बाहेरून नुकताच निळा रंग मारलाय, आतून पांढरा. मशीन आमच्यासमोर पहिल्याच दोरीत चालू झालं. नवरा तिथेच बयाणा द्यायला निघाला होता, मी 'घरी विचारून सांगतो' म्हणत बाहेर काढला त्याला.

मागतायत २.४०. आमच्याकडे सगळं धरून २ लाख. वापर खाडीपुरताच, चार-पाच माणसं, समुद्रात जायचं नाही. मालकाचं म्हणणं, मे संपायच्या आत उचला, दुसरं गिऱ्हाईक आहे.

आम्हाला यातलं काही कळत नाही. कुठे बघायचं, काय विचारायचं?

तिरकस

मे महिन्यात कोकणातल्या प्रत्येक बोटीला दुसरं गिऱ्हाईक असतं. पावसाळ्यात बोट ओढून वर घ्यायची, झापं घालून झाकायची, आत साचलेलं पाणी काढत बसायचं, हे कोणालाच नको असतं. घाई त्याला आहे, तुम्हाला नाही. १ जूननंतर भाव विचारा, सूर बदललेला असेल.

बाकी तांत्रिक गोष्टी जाणकार सांगतीलच.

मालवणी_मशीनवाला

ताई, मी मालवणात आउटबोर्डची, म्हणजे बोटीमागे अडकवायच्या मशीनांची कामं करतो. शेजारच्याच शेडमध्ये फायबरवाला आहे, त्यामुळे दोन्हीकडची रडगाणी कानावर पडतात. आमच्याकडची तऱ्हा एका वाक्यात सांगतो: इंजिन बघूक सगळे धावतत, फळी कोण बघणा नाय.

आधी मालकाला सांगा, बोटीचे किती आणि मशीनचे किती ते वेगळं बोल. २.४० हा एक आकडा मांडला की चांगल्या वस्तूच्या आडून वाईट वस्तू खपते. तो वेगळं सांगणार नाही. तरी विचारा, आणि आपल्या वहीत दोन रकाने करा.

आता फळी. मशीन जिथे अडकवतात ती मागची भिंत, ट्रान्सम. वरून फायबर दिसतं, पण या जुन्या बोटींत आत प्लायवूड असतं. मशीनचे बोल्ट, बुचाचं भोक, कधीकाळी लावलेल्या एखाद्या पट्टीचे स्क्रू, यातून पाणी आत जातं आणि प्लाय वर्षानुवर्षं आतल्या आत कुजतं. बाहेर रंग चकाचक. तुमच्या मशीनचं वजनच पन्नास किलोच्या आसपास, वर ते बोटीला ढकलतं तो जोरही याच फळीवर. ती गेली की मशीन खाडीच्या तळाला. अतिशयोक्ती करत नाही, बाहेर काढलेली मशीनं माझ्याकडे आलीत दुरुस्तीला.

बघायचं असं. बोट पाण्यात नको, ओहोटीला वाळूवर बसलेली असताना जा, म्हणजे तळही दिसेल. भावजींना मशीन अर्धवट उचलून लॉक करायला सांगा आणि पंख्याजवळचा पाय धरून वर-खाली दणदणीत हलवू दे. तुम्ही मशीनकडे बघू नका, फळीकडे बघा. फळी आणि बाजू जिथे मिळतात त्या दोन्ही कोपऱ्यांत केसभर भेग उघडझाप करत असेल, किंवा अख्खी फळीच श्वास घेतल्यागत हलत असेल, तर पुढचं बघायची गरज नाही. मग स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने फळी ठोकत जा, फणस वाजवून बघता तशी. वरच्या कडेपासून खाली बुचापर्यंत. कोरड्या प्लायचा आवाज टणक येतो, कुजलेल्याचा बद्द. वर टणक आणि खाली बद्द, असंच बहुतेक वेळा सापडतं, कारण पाणी खाली उतरतं. शंका आली तर मालकाला विचारून खालचा एखादा जुना स्क्रू काढा. मागोमाग तपकिरी पाणी ओघळलं की निकाल लागला. मालक स्क्रूच काढू देत नसेल तर तोही निकालच.

फळीनंतर तळ. चपला काढून आत चाला. पायाखाली कुठे दबलं, कुरकुरलं तर खालच्या लाकडी पट्ट्या सुटल्यात किंवा कुजल्यात. काही बोटींत तळाखाली फोम भरलेला असतो, तो एकदा पाणी प्यायला की बोट कायमची जड. घाटावर ओढताना नेहमीपेक्षा दोन माणसं जास्त लागतात का, हे मालकाला नको, त्याच्या गड्याला विचारा. गडी खरं सांगतो.

नवा रंग मला आवडत नाही. विकायच्या महिन्यात कोणी हौसेने रंग लावत नाही. सकाळच्या तिरप्या उन्हात तळाच्या बाजूने हात फिरवा. बारीक फुगवटे लागले तर रंगाखाली फोड आहेत. एखादा फुटलेला असेल तर आंबूस वास येतो. थोडे फोड चालतात, त्याने बोट बुडत नाही, पण भाव पाडायला उपयोगी. नाळेपाशी (पुढच्या टोकाला) आणि पठाणाच्या (तळाच्या कण्याच्या) कडेला जाड, ओबडधोबड थर दिसला तर तिथे कधी आपटलेली आहे. नीट केलेली दुरुस्ती वाईट नाही. लपवलेली वाईट.

आता मशीन. पहिल्या दोरीत चालू झालं म्हणता. पण त्याआधी झाकणाला हात लावून बघितलं होतं का कोणी? गिऱ्हाईक येणार म्हणून अर्धा तास आधी गरम करून ठेवायची पद्धत आहे. पुढच्या वेळी न सांगता सकाळी लवकर जा. थंड मशीन दोन-चार दोऱ्यांत आलं तरी हरकत नाही, पण तुमच्यासमोर थंडच असलं पाहिजे.

मशीनचा पाय पाण्यात ठेवून चालू केलं की मागून पाण्याची धार बघा. सलग, जोरात पडायला हवी. तुटक पडत असेल तर आतलं इम्पेलर (पाणी खेचणारं रबरी चक्र) तरी गेलंय, नाहीतर नळ्या मिठाने बसल्यात. इम्पेलर स्वस्तात बदलतं. मीठ बसून मशीन गरम होत राहिलं असेल तर पिस्टनवर ओरखडे, आणि ते स्वस्त नाही. त्यासाठी एका मेकॅनिकला कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरातला दाब मोजायचं मीटर) घेऊन न्या. दोन्ही प्लग काढायचे, किल-स्विचची (मशीन बंद करायच्या बटणाची) क्लिप काढायची, थ्रॉटल पूर्ण उघडायचा आणि दोरी ओढायची. आकडा किती येतो यापेक्षा दोन सिलिंडरांत फरक किती ते महत्त्वाचं. दहा टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. एक ११० आणि दुसरा ८० म्हणजे मशीन उघडायचा खर्च आताच धरा. प्लग काढलेच आहेत तर तेही बघा. दोन्ही सारखे बदामी हवेत. एक काळा आणि एक धुतल्यासारखा लख्ख असेल तर त्या सिलिंडरात पाणी जातंय.

गिअरचं तेल: खालचा स्क्रू जरा सैल करून थोडं तेल कागदावर घ्या. दुधाळ असेल तर सीलमधून पाणी शिरलंय. चमचमता चुरा असेल तर गिअर खाल्लेत. आणि पंखा काढायला लावा. मासेमारीच्या बोटीत पंख्यामागे शाफ्टला हमखास तंगूस (गळाची नायलॉन दोरी) गुंडाळलेली असते, ती सील कापते. पाच मिनिटांचं काम, आणि कोणी करत नाही.

'तीनच सीझन वापरलंय' यावर जाऊ नका. या मशीनांना तास मोजायचं मीटर नसतं. पंख्याखालची पात वाळूत घासून किती झिजलीय आणि हँडलचं रबर किती गुळगुळीत झालंय, ते बघा. तेच मीटर.

शेवटी पाण्यात घाला, घरची चार माणसं बसवा, पूर्ण थ्रॉटलवर दहा मिनिटं न्या. एकटा मालक बसून पळवून दाखवेल, त्याला अर्थ नाही. १८ फुटीला २५ एचपीवर पाच माणसं घेऊन बोट उचलून पळेलच असं नाही, पण तुमचा वापर खाडीतला आहे, पळून जायचंय कुठे?

बंदर_कचेरी_निवृत्त

मशीनवाल्यांनी सगळं सांगितलं, कागद सोडून. मी बंदर कार्यालयात नोकरी केली, म्हणून तेवढंच बोलतो.

मासेमारीला होती म्हणता, म्हणजे तिच्यावर 'आयएनडी-एमएच'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असणार. नव्या निळ्या रंगात तो दिसतो का? दिसत नसेल तर का पुसला ते विचारा. २६/११ नंतर किनाऱ्यावर बिननंबरी बोट ही चेष्टेची गोष्ट राहिलेली नाही, सागरी पोलीस थांबवतात. मासेमारीची नोंद मत्स्यव्यवसाय खात्याची. त्या नोंदीवर घरच्यांना फिरवणं चालणार नाही. खाडीतल्या नौकांना आता १९१७ च्या जुन्या कायद्याऐवजी २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे, आणि आपल्याकडे काम महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयातून चालतं. पैसे द्यायच्या आधी तिथे जाऊन या बोटीचं नाव-नंबर दाखवा, कोणाच्या नावावर आहे आणि तुमच्या नावावर कशी होईल ते विचारा. मधल्या मालकांनी नाव चढवलेलंच नसतं, हे फार बघितलं.

मशीनचं बिल वेगळं मागा. ब्रॅकेटवरच्या पट्टीवरचा सीरियल नंबर बिलाशी जुळवा. पट्टी उपटलेली असेल तर नमस्कार करून निघा. आणि लाइफ जॅकेट माणशी एक, ते बजेटच्या बाहेर ठेवू नका.

तिरकस

वल्ही पण घ्या. वाशिष्ठीत मगरी आहेत, मशीन बंद पडल्यावर उतरून ढकलायचा विचार डोक्यातून काढा.

खाडीकाठची_सून

सगळ्यांचे आभार. शनिवारी सकाळी न कळवता गेलो. सोबत चिपळूणचा एक मेकॅनिक नेला, गेजसकट.

मशीन थंडच होतं. चौथ्या दोरीला आलं. धार छान. कॉम्प्रेशन ११८ आणि ११२. प्लग दोन्ही बदामी. गिअरचं तेल किंचित दुधाळ, चुरा नाही. पंखा काढला तर मागे खरोखरच तंगूसचा हा एवढा गुंडा. मालकालाच आश्चर्य वाटलं, किंवा त्याने तसं दाखवलं.

फळी मात्र गेली. वर टणक, मशीनच्या डाव्या क्लॅम्पखाली वितभर खाली बद्द. दिराने मशीन हलवलं तेव्हा उजव्या कोपऱ्यातला निळा रंग माझ्या डोळ्यांसमोर तडकला. स्क्रू काढायला मालक तयार झाला, आणि पाणी आलं. त्याचा चेहरा बघून वाटलं, त्याला खरंच माहीत नसावं. गावातल्या फायबरवाल्याने फळी नवी करायचे ३८ हजार सांगितले, 'आत उघडल्यावर वाढतील' या वाक्यासह.

कागद: बोटीची नोंद दोन मालकांपूर्वीच्या नावावर, आणि ते गृहस्थ आता हयात नाहीत. मशीनचं बिल मात्र आत्ताच्या मालकाच्या नावाचं, सीरियल नंबर जुळला.

मालक आता बोटीसकट १.९० म्हणतो. नवऱ्याचं म्हणणं, बजेटात बसतंय की. मी गप्प आहे, तुमची वाट बघतेय.

मालवणी_मशीनवाला

भावजींना सांगा, १.९० मध्ये ३८ मिळवा, मग वारसांच्या सह्या गोळा करत फिरायचा खर्च मिळवा, आणि मग बजेट बोला.

दोन रकाने केले होते ना? एका रकान्यात चांगलं मशीन, बिलासकट. दुसऱ्यात कुजकी फळी आणि मेलेल्या माणसाच्या नावाची बोट. दुसरा रकाना खोडा. त्याला विचारा, नुसतं मशीन देतोस का? ११८-११२ म्हणजे आत अजून बरीच वर्षं आहेत. दुधाळ तेलाचं काम फार मोठं नाही, पंख्याच्या शाफ्टची सीलं बदलायची, प्रेशर टेस्ट करायची, नवं तेल भरायचं. पण हे झाल्याशिवाय एक दिवसही खाडीत चालवू नका, नाहीतर गिअर जातील आणि मग मला शिव्या द्याल.

बोट साच्यातली नवी करून घ्या, खाडीसाठी १५-१६ फूट पुष्कळ झाली. मशीन तेच शोभेल, उलट जास्त चालेल. फळीत प्लाय घालणार असतील तर मरीन प्लाय आणि प्रत्येक भोकाची आतली कड रेझिनने बंद, हे समोर उभं राहून करून घ्या. नोंद पहिल्या दिवसापासून तुमच्या नावावर.

खाडीकाठची_सून

विचारलं. आधी 'जोडी तोडत नाही' म्हणाला. काल संध्याकाळी स्वतःच फोन केला, मशीन आणि टाकी मिळून ९५ हजार. मी ८५ सांगितलेत, सीलांचं कारण देऊन.

मालवणी_मशीनवाला

९० ला आला तर उचला. टाकीची रबरी नळी आणि पंपाचा फुगा मात्र टाकून नवे घ्या. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येतं, जुनं रबर त्यात मऊ पडून सुटतं आणि तुकडे कार्बोरेटरमध्ये जातात. चार महिने पडून राहणार असेल तर टाकीत पेट्रोल ठेवू नका, पाणी धरतं. ऑइल लिटरला २० मिली, अंदाजाने नको, मापाने. आणि ज्या दिवशी आणाल त्या दिवशी गोड्या पाण्याच्या पिंपात उभं करून दहा मिनिटं चालवा.

तिरकस

दुसऱ्या गिऱ्हाइकाचं काय झालं?

खाडीकाठची_सून

ते आम्हीच होतो बहुतेक. ८८ ला ठरलं.