सास-फे (स्वित्झर्लंड) : स्की न करणाऱ्या आईबाबांना घेऊन जावं का?

सायली_स्टुटगार्ट

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आईबाबा माझ्याकडे येतायत. दोघांनी पूर्वी टूरबरोबर टिटलिस आणि युंगफ्राउयोख पाहिलंय. आईचं म्हणणं, "बसमधून उतरलो, फोटो काढले, परत बसमध्ये. या खेपेला एका गावात निवांत राहू." मला वालिस कँटनमधलं सास-फे सुचवलं गेलंय. पण नेटवर बघावं तर सगळं स्कीइंगचंच. आम्ही तिघंही स्की करत नाही.

दोन-तीन दिवस तिथे काय करता येईल? बाबा 68 वर्षांचे आहेत, अँजिओप्लास्टी झालीय, सपाटीवर तासभर सहज चालतात. युंगफ्राउयोखला त्यांना धाप लागली होती. आई पूर्ण शाकाहारी, अंडंही खात नाही. गाडी घेऊन जावं की ट्रेनने? आणि झेरमाट सोडून इथे जाण्यात काही अर्थ आहे का?

भटकभवानी

झेरमाटला जा. मॅटरहॉर्न एकदा तरी पाहायलाच हवा, गोर्नरग्राटपर्यंत दातेरी रेल्वे थेट जाते, वयस्कर माणसांना सोपं पडतं. सास-फे स्कीवाल्यांसाठी उत्तम. बाकीच्यांसाठी एक दिवस पुष्कळ झाला.

पाटबंधारे_निवृत्त

सायली, तुझे बाबा माझ्याहून लहान आहेत, म्हणून अगं-तुगं करतो. माझी मुलगी ब्रिगला असते. आम्ही दोघं तिच्याकडे गेलो की सास खोऱ्यात जातोच, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

भटकभवानींचं मॅटरहॉर्नबद्दलचं म्हणणं खरं आहे, तो डोंगर पाहण्यासारखाच आहे. पण तुझ्या आईंनी मागितलंय ते निवांत गाव, आणि झेरमाटच्या मुख्य रस्त्यावर सप्टेंबरातही घड्याळाच्या दुकानांसमोर गर्दी असते. सास-फेला जा.

आधी प्रवासाचं. गाडी नेऊ नकोस. गावात गाड्यांना बंदी आहे, वेशीवरच्या पार्किंगमध्ये लावून पुढे पायी किंवा विजेवरच्या छोट्या टॅक्सीने जावं लागतं. 1951 पर्यंत इथे मोटाररस्ताच नव्हता, खालच्या सास-ग्रुंडहून खेचरवाटेने चढून यायचं. रस्ता झाला तेव्हाही गावाने गाड्या आत घेतल्या नाहीत. बासेल-बर्नमार्गे विस्पला ट्रेनने ये. बर्नच्या पुढे लोचबर्गचा नवा बोगदा लागतो, 34.6 किलोमीटरचा, 2007 साली सुरू झालेला. विस्प स्टेशनबाहेरून पिवळी पोस्टबस पाऊण-एक तासात सास-फेला सोडते. बसमध्ये उजवी-डावी कुठलीही खिडकी चालेल, घाट दोन्हीकडून दिसतो. बाबांना मात्र पुढे बसव.

गाव 1800 मीटरवर आहे, आणि तीन बाजूंनी चार हजार मीटरच्या वरचे डोंगर. त्यातलं डोम हे शिखर 4545 मीटर. पूर्णपणे स्वित्झर्लंडच्या हद्दीत असलेल्या डोंगरांत तेच सर्वांत उंच. या डोंगरांच्या कुशीतून फे हिमनदी गावाच्या दिशेने उतरते. एके काळी ती गावाच्या शिवेजवळ होती. आता तिने मागे सोडलेले घासलेले करडे खडक आणि गोट्यांचे ढीग दिसतात, आणि खाली वितळलेल्या पाण्याचं एक छोटं तळं. गावातून तिथवर चालत जाता येतं. पहिल्या दिवशी एवढंच करा. येताना जुनी लाकडी कोठारं बघा, उन्हाने काळी पडलेली. प्रत्येक खांबाच्या डोक्यावर गोल चपटा दगड ठेवलाय, उंदीर वर चढू नयेत म्हणून. आमच्या सौ. त्यांच्यापुढून हलत नाहीत.

आता बाबांच्या प्रकृतीचं, कारण ते महत्त्वाचं. सगळे तुला सांगतील मिटलअलालिनला जा. केबल कारने फेल्सकिनला, तिथून 1984 साली सुरू झालेल्या भुयारी रेल्वेने साडेतीन हजार मीटरवर. वर फिरतं रेस्टॉरंट आहे, बर्फात कोरलेली गुहा आहे, आणि सप्टेंबरात वेगवेगळ्या देशांचे स्की संघ सरावाला आलेले दिसतात. पण युंगफ्राउयोख 3454 मीटरवर आहे. तिथे धाप लागली असेल तर इथेही लागणार, आणि इथे 1800 वरून 3500 वर माणूस फार पटकन पोचतो. हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बाबांना तिथे नेऊ नकोस. तू आणि आई जाऊन या, बाबांना मधल्या स्टेशनवर बसवा.

त्यांच्यासाठी श्पीलबोडन, 2450 मीटरच्या आसपास. तिथे मार्मोट आहेत. डोंगरातली गुबगुबीत खारीच्या कुळातली जनावरं, बिळात राहतात, माणसाच्या हातून गाजर घेतात. सप्टेंबर संपता संपता ती हिवाळी झोपेला जातात, म्हणून तुमची वेळ बरोबर जुळतेय. त्याच्या वर लेंगफ्लू, 2870 मीटर. तिथून फे हिमनदी अगदी समोर येते, भेगांचा निळा रंग दिसतो. बाबांना बरं वाटत असेल तरच वर चढा, अर्धा तास थांबून खाली या.

हे सगळं कोणीही सांगेल. मला आग्रहाने सांगायचंय ते माटमार्कबद्दल.

सास-अल्मागेलच्या वर, खोऱ्याच्या टोकाला माटमार्क धरण आहे. उन्हाळ्यात आणि सप्टेंबरात थेट बस जाते. मातीचं धरण, 120 मीटर उंच, माथ्याची लांबी 780 मीटर. माझ्या नोकरीची सुरुवात पैठणला जायकवाडीच्या कामावर झाली, त्यामुळे मातीचं धरण दिसलं की मी आधी पिचिंग (उतारावरचं दगडी अस्तर) बघतो, मग सांडवा. जायकवाडीच्या नाथसागरात 102 टीएमसी पाणी मावतं, माटमार्कमध्ये जेमतेम साडेतीन. पण उंचीमुळे त्या साडेतीन टीएमसीतून खाली दोन ठिकाणी वीज काढतात. आपल्याकडे हार्टिंगला (धरणाच्या आतल्या, पाणी अडवणाऱ्या गाभ्याला) काळी माती, इथे हिमनदीने आणून टाकलेला गाळगोटाच भरावात वापरलाय. हे धरण हिमनदीच्याच मालाचं आहे.

आणि हिमनदीनेच ते बांधणाऱ्यांचे जीव घेतले. 30 ऑगस्ट 1965, संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास, अलालिन हिमनदीचं टोक तुटलं. वीस लाख घनमीटर बर्फ आणि दगड खाली आले, ते थेट कामगारांच्या छावणीवर. बराकी, खानावळ, वर्कशॉप, सगळं बर्फाखाली गेलं. 88 माणसं गेली. निम्म्याहून जास्त इटालियन, पोटासाठी डोंगर ओलांडून आलेले. सगळे मृतदेह हाती यायला महिनोन्‌महिने लागले.

धरणमाथ्यावर उभं राहून खोऱ्याच्या उताराकडे तोंड कर. डाव्या हाताला वर उघडा, घासून गुळगुळीत झालेला कडा दिसेल. हिमनदी तिथे लोंबत होती. छावणी त्याच्या बरोबर खाली होती. कामाला जवळ, रस्त्याला सोयीची. मी साइटवर कॅम्प टाकलेले आहेत. पाणी कुठे, रस्ता कुठे, सावली कुठे, हे बघून जागा ठरते. वरून काय येऊ शकतं हा प्रश्न ज्याने विचारायचा तो वरिष्ठ अभियंता असतो, तंबूत झोपणारा मजूर नव्हे. म्हणून मला ती जागा बघून दरवेळी राग येतो. 1972 साली खटला चालला, सतराही आरोपी सुटले, कारण कोर्टाच्या मते हे आधी कळण्यासारखं नव्हतं. अपिलातही तोच निकाल लागला, आणि अपिलाचा निम्मा खर्च मृतांच्या नातेवाइकांवर टाकला. विधवांकडून कोर्टखर्च मागितला, सायली. दुर्घटनेनंतर दोन महिन्यांच्या आत, 18 ऑक्टोबर 1965 ला, शास्त्रीजींनी जायकवाडीची पायाभरणी केली. आमच्या वरिष्ठांपैकी कोणी कधी माटमार्कचं नावही काढलं नाही. मला ते मुलीकडे आल्यावर कळलं. धरणाच्या कामावर येणाऱ्या प्रत्येक नव्या इंजिनियरला हे शिकवायला हवं होतं.

तिथे स्मारक आहे. थांबा, नावं वाचा. मग तलावाच्या कडेने जमेल तेवढं चाला. पूर्ण फेरी साधारण आठ किलोमीटरची, बाबांनी अर्धी करायचीही गरज नाही. उंची 2200 मीटरच्या आसपास, त्यांना झेपेल.

अनुजा_म्युनिक

काका, तुम्ही लिहिलंय ते वाचून मी माटमार्कबद्दल आज पहिल्यांदा ऐकलं. गेल्या हिवाळ्यात आम्ही सास-फेला स्कीइंगला गेलो होतो, पण खोऱ्याच्या त्या टोकाला गेलोच नाही.

सायली, जेवणाचं सांगते. स्वयंपाकघर असलेलंच घर घे, गावात सुपरमार्केट आहे. रेस्टॉरंटात आईसाठी रोश्टी मागवता येईल, बटाट्याचा किस तव्यावर खरपूस भाजलेला. पण बऱ्याचदा त्यात बेकनचे तुकडे टाकतात आणि वर अंडं घालतात, तेव्हा 'ओहने श्पेक, ओहने आय' असं सांगायचं. चीजचं आईंना आधी सांगून ठेव. राक्लेट, ग्रुयेर अशी इथली पारंपरिक चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने बनवतात. माझ्या सासूबाईंना हे कळल्यावर त्यांनी पुढचे सगळे दिवस चीज सोडलं, आणि फोंड्यूचं भांडं समोर आल्यावर हे कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. वालिसची राय (rye) या धान्याची काळी पावरोटी मात्र नक्की घ्या. घट्ट असते, आठवडाभर टिकते, लोणी आणि बरोबर नेलेल्या शेंगदाण्याच्या चटणीशी अप्रतिम लागते.

गावात मुक्काम केला की सासटाल कार्ड मिळतं. त्यावर खोऱ्यातल्या बस आणि केबल कारच्या सवलती असतात, पण हंगामागणिक अटी बदलतात. बुकिंग करतानाच विचारून घे.

काका, एक विचारू का? ब्लाटन गाव हिमनदीखाली गाडलं गेल्यापासून माझी आई म्हणते, स्वित्झर्लंडच्या त्या खोऱ्यांत जाऊच नका. तिला काय सांगू?

सायली_स्टुटगार्ट

काका, खूप आभार! बाबा स्वतः सार्वजनिक बांधकाम खात्यात होते. त्यांना तुमची पोस्ट फोनवर वाचून दाखवली, लगेच म्हणाले, माटमार्क आधी, बाकी नंतर. अनुजा, चीजचं बरं झालं सांगितलंस, आईला लगेच विचारते. ब्लाटनचा प्रश्न माझाही आहे.

पाटबंधारे_निवृत्त

अनुजा, आईंची काळजी रास्त आहे, ती हसण्यावारी नेऊ नकोस.

ब्लाटन हे लोचेनटालमधलं गाव. लोचेनटाल म्हणजे ऱ्होन नदीच्या पलीकडच्या अंगाचं खोरं. 28 मे 2025 ला बिर्च हिमनदी कोसळून बहुतेक गाव गाडलं गेलं. वरच्या डोंगराचे कडे सुटून हिमनदीवर पडत होते, त्या ओझ्याने ती सरकायला लागली होती. पण डोंगरावर नजर होती. आठवडाभर आधीच गाव रिकामं केलं, तीनशेच्या आसपास माणसं आणि जनावरंसुद्धा. एक जण बेपत्ता झाला, तो गेला. घरं गेली, चर्च गेलं, पण गाव जिवंत राहिलं.

सास खोऱ्यातलंच उदाहरण 2017 च्या सप्टेंबरचं. वाइसमीस डोंगरावरच्या ट्रिफ्ट हिमनदीचं टोक झपाट्याने सरकतंय हे रडारवर दिसलं. सास-ग्रुंडमधल्या सुमारे 220 लोकांना घराबाहेर काढलं, दुसऱ्या दिवशी पहाटे बर्फ तुटला, घरांपर्यंत पोचलाच नाही, लोक परत घरी गेले. माटमार्कपासून तिथवरचं अंतर 52 वर्षांचं. अलालिन हिमनदी त्या वेळी कशी सरकली याचा नंतर अनेक वर्षं अभ्यास झाला. उन्हाळ्याच्या अखेरीस वितळलेलं पाणी बुडाशी साचतं आणि सगळा थर घसरायला लागतो, हे त्यातून स्पष्ट झालं.

धोका संपलेला नाही, उलट उष्णता वाढतेय. 2022 आणि 2023 या दोनच वर्षांत स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांचं दहा टक्के बर्फ गेलं. तरीही तुझ्या आईंना सांग, वाट बंद असल्याची पाटी दिसली की एक पाऊलही पुढे टाकू नका. 'फक्त एक फोटो' म्हणून दोरी ओलांडणारे मी पाहिलेत, त्यात आपली मंडळीही असतात. हिमनदीवर वाटाड्याशिवाय पाय ठेवायचा नाही, ताज्या बर्फाखाली भेग झाकलेली असते. बर्फातून निघणाऱ्या ओढ्याच्या पात्रात बसून डबा खायचा नाही, सकाळी घोटाभर असलेलं पाणी दुपारी वाढतं. एवढं पाळलं तर वयस्कर माणसांनी बिनधास्त जावं.

सायली, बाबा बांधकाम खात्यातले म्हटल्यावर आनंद झाला. त्यांना आणखी एक वाट सांग. सास-ग्रुंडहून सास-फेला चढणारी जुनी कापेलनवेग, वाटेत पंधरा छोटी देवळं, आत लाकडी मूर्ती. पायऱ्या चढायला दमछाक होते, म्हणून बसने वर जाऊन ती उतरायची. गुडघे दुखत असतील तर वरची दोन-तीन देवळं बघून परत फिरावं. गावातल्या पाद्री इमसेंगांची गोष्टही इथलीच. 1849 च्या हिवाळ्यात ते स्वतः केलेल्या लाकडी पट्ट्यांवरून घसरत खाली सास-ग्रुंडला एका मरणासन्न माणसासाठी गेले, आणि स्वित्झर्लंडमधला पहिला स्की करणारा माणूस म्हणून त्यांचं नाव घेतात. 1856 मध्ये अलालिनहॉर्नवर पहिल्यांदा पोचलेल्या गटातही ते होते.

माटमार्कला सकाळच्या बसने जा. दुपारनंतर तिथे वारा सुटतो, आणि परतीच्या बस कमी असतात. उतरल्या उतरल्या थांब्यावरच्या वेळापत्रकाचा फोटो काढून ठेव. बाबांना कानटोपी लागेल.