शब्द हवा: ‘शिकारीचा धोका’ आणि ‘अकाली’ अंडं फुटणं

अनुवादिका: जीवशास्त्रावरचा लेख मराठीत आणतेय. कोणी खाईल अशी भीती असली की प्राणी अंड्यातून कधी बाहेर येतात, बेडूकमाशाचा बेडूक कधी होतो, ते वयात कधी येतात, हे सगळं वेळापत्रक बदलतं, असा विषय आहे. ‘प्रिडेशन रिस्क’ला ‘शिकारीचा धोका’ चालेल? एका अवस्थेतून दुसरीत जाण्याच्या ‘ट्रान्झिशन’ला ‘संक्रमण’? आणि वेळेआधी अंडं फुटलं तर ‘अकाली’?

पाणकोंबडी: ‘शिकारीचा धोका’ नको. धोका शिकाऱ्याला की सावजाला, पत्ता लागत नाही. सरळ ‘भक्षकाचा धोका’ लिहा. ‘भक्षणजोखीम’ असलं काही घडवू नका, दाताखाली खडा येतो. ‘ट्रान्झिशन’ला ‘संक्रमण’ चूक नाही, पण हल्ली लोक त्याचा अर्थ संसर्ग घेतात. ‘अवस्थांतर’ बरं.

झाडबेडूक: माझा आक्षेप ‘अकाली’ला. मध्य अमेरिकेतला लाल डोळ्यांचा झाडबेडूक पाण्यावर झुकलेल्या पानांवर अंडी घालतो. कोणी त्रास दिला नाही तर पिल्लं साधारण सहा-सात दिवसांनी बाहेर येतात. पण सापाने अंड्यांच्या पुंजक्याला तोंड घातलं, की त्याआधीच पटापट पाण्यात उड्या. जीवशास्त्रज्ञ कॅरन वॉर्केंटिन यांनी १९९५ साली हे दाखवलं. नेहमीच्या मुदतीच्या ३० टक्क्यांपर्यंत आधी. गंमत म्हणजे पाऊसही अंडी हलवतो, तरी पिल्लं जागची हलत नाहीत. थरथरीतला फरक त्यांना कळतो! गांधीलमाशी आली तर बहुतेक तिने धरलेलं अंडंच रिकामं होतं, शेजारची स्वस्थ. याला अकाली कसं म्हणायचं? खाली मासे, झिंगे टपलेले असतात आणि लहान पिल्लू त्यांना सहज सापडतं, हे खरं. पण वर साप आहे ना.

शिवाय ‘अंडं फुटतं’ हेही मला खटकतं. पिल्लू तोंडाजवळच्या ग्रंथींतून रस सोडून आवरणाला काही सेकंदांत भोक पाडतं. फुटत नाही, तेच फोडतं.

अनुवादिका: मग ‘भीतीने घाई’ असं सूत्र धरू का?

पाणकोंबडी: अजिबात नाही. धोका अंड्याला नसून बाहेर पडलेल्या पिल्लाला असेल तर काही सॅलमँडर (पालीसारखे दिसणारे, बेडकांचे नातलग) उशिरा बाहेर पडतात. डाफ्निया हा पाण्यातला बारीक जीव माशांचा वास आला की लहान असतानाच वयात येतो, कारण मासे मोठे डाफ्निया टिपतात. छोटे डाफ्निया खाणाऱ्या कीटकांच्या अळ्या असल्या की उलट थांबून मोठा होतो. बेडूकमाशांचं तर आणखी अवघड: तळ्यातून सुटायची घाई असायला हवी, पण भक्षक जवळ असला की ते दडून बसतात, खाणं कमी होतं, वाढ रेंगाळते. रूपांतराला निदान एवढा आकार लागतोच, म्हणून कित्येकदा घाई दिसतच नाही.

झाडबेडूक: त्रिनिदादचे गप्पी मासे लेखात असतील तर त्यांना ‘वेळ बदलतात’ म्हणू नका. भक्षक जास्त असलेल्या ओढ्यांत ते लवकर वयात येतात, पण तो पिढ्यान्‌पिढ्यांचा वारसा आहे. एकट्या माशाने ऐनवेळी केलेली धावपळ नाही.

अनुवादिका: आहेत ते लेखात, आणि मी नेमकं तेच लिहिलं होतं. बदलते. बेडकासाठी ‘मुदतीआधी अंडं फोडून निसटतात’ असं करतेय.

पाणकोंबडी: ‘निसटतात’ झकास.