युरिया स्वस्त, शेतकरी आळशी?

बांधावरचा : काल इथे एका साहेबांनी लिहिलं की शेतकरी आळशी झालाय, गोणी फोडून युरिया फेकायची सवय लागलीय, म्हणून शेणखत टाकत नाही. डोकं फिरलं. साहेब, ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना. त्यात नत्र २० किलोच्या वर. चांगल्या शेणखतात टनाला ५ किलो धरलं तरी एका गोणीसाठी ४ टन झालं. आमच्याकडे ट्रॉली साडेचार हजार, विस्कटायची मजुरी वेगळी. आता सांगा आळस कुठाय.

काळी_आई : सगळा हिशेब नत्राचाच! रान भुसभुशीत ठेवणाऱ्या सेंद्रिय कर्बाचं काय? तुमच्या रानात नांगर घातला की नुसती ढेकळं निघत असतील. आणि उसाचं पाचट, वाळलेला पाला, तर फुकटचं, ते का पेटवता?

बांधावरचा : पेटवतो कोण? ऊसतोड टोळी म्हणते, फड पेटवा तर तोडतो. तुम्ही या कोयता घेऊन.

खंडकरी : मी साडेतीन एकर खंडाने करतो, करार तोंडी. शेणखताचा गुण दोन-तीन वर्षं पुरतो. मागल्या साली १२ ट्रॉल्या ओतल्या. पीक बघून मालकाने रान काढून घेतलं. आता त्याचा मेव्हणा माझ्या खतावर वांगी घेतोय.

सर्जा_राजा : अहो पण शेण आणायचं कुठून? २०१५ च्या गोवंश हत्याबंदीनंतर थकलेला बैल विकायची सोय राहिली नाही. गोठे ओस पडले.

काळी_आई : आलं राजकारण! बैल ट्रॅक्टरने घालवले, कायद्याच्या कितीतरी आधी. आणि थकलेला बैल शेण देतोच की.

सर्जा_राजा : देतो ना. कडबा तुम्ही पाठवता का?

गावठी_गणित : म्हैस त्या बंदीत नाही. तिचं शेण चालत नाही वाटतं?

सर्जा_राजा : मग कुळवाच्या पाळीलाही म्हैसच जुंपा! माझा सर्जा दोन वर्षं नुसता दावणीला उभा होता. खरं सांगायचं तर कायदा नसता तरी मला विकवला नसता. पण परत जोडी घेतली नाही, ती त्या दोन वर्षांमुळेच.

काळी_आई : बरं बाबा, ट्रॉलीचा हिशेब तुमचा, जिंकलात. पण कच्चं शेण टाकायचं, मुळं खाणारी हुमणी अळी झाली की शेणखताला शिव्या द्यायच्या, हे बंद करा. उकिरडा नीट कुजवा आधी.

खंडकरी : कुठे कुजवू ताई? उकिरड्याची जागाही मालकाचीच.