जनरेटरचं डिझेल, शिडीच्या गाडीची जागा आणि गेटबाहेरचे अपघात : सोसायटीने नेमकं काय करायचं?

पाथर्डीफाटा_सचिव

नाशिकला हायवेच्या सर्व्हिस रोडला लागून आमची ११ मजली सोसायटी आहे. उंची साधारण ३५ मीटर, तळघरात पार्किंग. जुलैचा फॉर्म बी (आगीची यंत्रणा ठीक असल्याचा दाखला) घ्यायचा आहे, त्याआधी तीन गोष्टी मार्गी लावायच्या आहेत.

१२५ केव्हीएचा जनरेटर तळमजल्यावर मागच्या बाजूला आहे. लाइट सारखी जाते म्हणून तळघरातल्या स्टोअररूममध्ये डिझेलचे चार बॅरल भरून ठेवलेत. माळीकाकांच्या गवत कापायच्या मशीनसाठी प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये पेट्रोलही असतं. हे चालतं का?

दुसरं, समोरच्या मोकळ्या जागेत पेव्हर बसवून कायमचं स्टेज आणि कमान करायचा कमिटीचा विचार आहे. फायर ब्रिगेडची शिडीची गाडी आली तर तिला किती जागा लागते?

तिसरं, सर्व्हिस रोडवर अपघात झाला की आमचे वॉचमन आणि पोरं धावतात. बंब येईपर्यंत त्यांनी काय करावं आणि कशाला हात लावू नये?

अंबड_सेफ्टी

आधी डिझेल. पेट्रोलियम कायद्यात डिझेल ‘ब’ वर्गात येतं. एका जागी एकूण २५०० लिटरपर्यंत आणि एकही भांडं १००० लिटरपेक्षा मोठं नसेल, तर साठ्याला परवाना लागत नाही. तुमचे चार बॅरल म्हणजे ८४० लिटर, मर्यादेच्या आत. पण परवाना नको याचा अर्थ कुठेही ठेवा असा होत नाही. तळघरातून ते आजच्या आज बाहेर काढा.

कारण सांगतो. आपल्याकडच्या डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो, मानकाप्रमाणे किमान ३५ अंश. नाशिकला एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून वर जातो. म्हणजे ‘डिझेल काडी लावून पेटत नाही’ हे थंडीत खरं, उन्हाळ्यात नाही. त्यात तळघर म्हणजे हवा कोंडलेली, शेजारी गाड्या, आणि आग लागली तर आत उतरणाऱ्या जवानाला धुरात हात दिसत नाही.

मुळात इतकं डिझेल लागतं का, हा हिशोब करा. १२५ केव्हीएचा सेट पाऊण लोडवर तासाला साधारण २० ते २२ लिटर खातो. आठ तास सलग लाइट गेली तरी १७०-१७५ लिटर. एक टाकी पुरते. बाकीचे तीन बॅरल कशासाठी?

सेटच्या बेसमध्ये टाकी नसेल, वेगळी असेल, तर नॅशनल बिल्डिंग कोडप्रमाणे तिच्याभोवती टाकीपेक्षा किमान १० टक्के जास्त मावेल असा बांध हवा आणि त्यात ३०० मिलिमीटर वाळू. इथे गवंडी हमखास चुकतो. तो २१० लिटरच्या टाकीला २३१ लिटरचा हौद बांधतो आणि मग त्यातच वाळू भरतो. वाळूत पोकळी जेमतेम एक-तृतीयांश. समजा बांध आतून १.२ बाय ०.९ मीटर आहे. ३० सेंटिमीटर वाळूत १०८ लिटर मुरेल, उरलेल्या १२३ लिटरला वाळूच्या वर आणखी साडेअकरा सेंटिमीटर उंची लागते. म्हणून भिंत ४५ सेंटिमीटरची धरा आणि टाकी वाळूत रुतवू नका, स्टँडवर ठेवा. बांधाला पावसाच्या पाण्यासाठी व्हॉल्व्ह ठेवला तर तो एरवी बंद आणि कुलूपबंद. उघडा राहिला तर बांध असून नसल्यासारखा.

टाकी गळ्यापर्यंत भरू नका, ५ टक्के मोकळी ठेवा. सकाळी १८ अंशाला भरलेलं डिझेल दुपारी ४० ला गेलं की २१० लिटरमागे साडेतीन-चार लिटर फुगतं आणि व्हेंटमधून खाली ठिबकतं.

आता सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट : टाकीपासून इंजिनपर्यंतचा रबरी पाइप. सायलेन्सरच्या उष्णतेने तो कडक होतो, क्लिपजवळ चिरतो. चालू सेटचा एक्झॉस्ट ४००-५०० अंशांना असतो आणि डिझेल सव्वादोनशे-अडीचशे अंशांच्या आसपास आपोआप पेट घेतं. ठिणगीची गरजच नाही, फवारा तापलेल्या लोखंडावर पडला की झालं. पाइप बोटाने वाकवून बघा. बारीक भेगा दिसल्या तर बदला, एक्झॉस्टपासून दूर वळवा, आणि बंद करायचा कॉक खोलीच्या बाहेर, हात पोचेल असा घ्या. खोलीच्या भिंती आणि दार दोन तास आग अडवणारे हवेत. सेट चालू असताना डिझेल ओतायचं नाही. बंद करून १५-२० मिनिटं निवू द्या, हातपंपाने भरा, खाली ट्रे ठेवा.

दाराशी ९ लिटरचा फोम सिलिंडर, पॅनेलसाठी ४.५ किलोचा सीओटू, आणि कोरड्या वाळूच्या बादल्या. त्या बादल्यांत पानाच्या पिचकाऱ्या आणि बिड्यांची थोटकं नसावीत, हे लिहावं लागतं यातच सगळं आलं.

हिशोबी_माणूस

२५०० लिटरपर्यंत कायदाच परवानगी देतो म्हणता, मग ११ बॅरल ठेवले तरी काय बिघडतं? टंचाईच्या वेळी कामाला येतील.

अंबड_सेफ्टी

बिघडतं ते असं. तो कायदा स्फोटक विभागाच्या परवान्यापुरता बोलतो. इमारतीतल्या आगीची जबाबदारी महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याने मालक आणि ताबेदारावर टाकलीय. वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून फॉर्म बी घ्यायचा तो त्याच कायद्याखाली. तिथे लिटर मोजून सुटका होत नाही.

आणि रिकाम्या बॅरलकडे बघा. भरलेल्यापेक्षा रिकामा वाईट, कारण आत वाफ आणि हवा दोन्ही असतात. झाकण घट्ट लावा आणि गटाराच्या जाळीसाठी किंवा कचऱ्याच्या डब्यासाठी तो गॅस कटरने कापू देऊ नका.

पेट्रोलचं गणित वेगळं. ते ‘अ’ वर्ग : विक्रीसाठी नसेल तर विनापरवाना ३० लिटरपर्यंत, धातूचं भांडं २५ लिटरपर्यंत आणि काचेचं १ लिटरपर्यंत, बूच घट्ट. प्लॅस्टिकचा कॅन त्यात बसत नाही. पेट्रोलची वाफ हवेच्या तिप्पट-चौपट जड, ती पाण्यासारखी उतारावरून तळघरात जाते आणि हवेत दीड टक्का झाली तरी पेटते. माळीकाकांना विजेवरचं मशीन घेऊन द्या, विषय संपतो.

जॅक_आउटरिगर

शिडीच्या गाडीचं मी बोलतो. स्टेज आणि कमान आधी कागदावरच थांबवा.

बिल्डिंग कोड उंच इमारतीभोवती ६ मीटर मोकळी, टणक जागा मागतो, ४५ टनांपर्यंतची गाडी पेलेल अशी. गेट ६ मीटर रुंद, वर कमान असलीच तर खालून ४.५ मीटर मोकळं, वळणाला ९ मीटर त्रिज्या. लोक एवढंच मोजतात आणि खूश होतात. अडचण पुढे आहे.

हायड्रॉलिक प्लॅटफॉर्म, म्हणजे हीच शिडीची गाडी, चाकांवर उभा राहून काम करत नाही. चार जॅक बाहेर काढून गाडी उचलली जाते. मोठ्या गाडीचे जॅक पसरले की रुंदी पाच-सहा मीटर होते, म्हणजे त्या ६ मीटरच्या पट्ट्यात एका कडेला जरी कार उभी असली तरी जॅक पूर्ण पसरत नाहीत. अर्धवट पसरले की यंत्रणा त्या बाजूला बूम (माणसांचा पिंजरा वर नेणारा लांब हात) वळवूच देत नाही.

दुसरं वजन. ३० टनांची गाडी, बूम एका कोपऱ्यावर फिरवला की एकाच जॅकवर निम्मं वजन येऊ शकतं. १५ टन, खाली ६० बाय ६० सेंटिमीटरची प्लेट : चौरस मीटरला जवळपास ४२ टन. कार पार्किंगचा स्लॅब चौरस मीटरला पाव ते अर्ध्या टनाचा असतो. तुमचं तळघर समोरच्या मोकळ्या जागेखाली येतं का, ते नकाशात बघा. येत असेल तर स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून लेखी घ्या की कुठल्या पट्ट्यात गाडी उभी राहू शकते, आणि तो पट्टा पिवळ्या रंगाने आखा. पाण्याची भूमिगत टाकी, एसटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट), ड्रेनेजचे चेंबर हेही त्याच नकाशावर मांडा. पेव्हरखाली चेंबर झाकला गेला की वरून कुणालाच कळत नाही, आणि जॅक नेमका तिथेच टेकतो.

वर बघा. झाडाच्या फांद्या, इंटरनेटच्या केबल, गणपती-नवरात्रातली माळ. बूम मागून वर येतो तेव्हा हेच अडवतं. कंपाउंडवरून महावितरणची ११ केव्हीची लाइन जात असेल तर पिंजरा आणि बूम किमान ३ मीटर लांब राहायला हवेत. त्यामुळे त्या बाजूच्या फ्लॅटला लाइन बंद होईपर्यंत शिडी लागणार नाही, हे आधीच धरून चाला. वाऱ्याची मर्यादाही असते, बहुतेक प्लॅटफॉर्मला सेकंदाला १२.५ मीटर, म्हणजे ताशी ४५ किलोमीटर. वळवाच्या वादळात ती सहज ओलांडली जाते.

एक गैरसमज : ‘४२ मीटरची शिडी आहे म्हणजे आमचा अकरावा मजला पोचला.’ ते ४२ सरळ उभ्या रेषेत. गाडी इमारतीपासून जितकी लांब, तितकी उंची कमी होत जाते. शिवाय पिंजऱ्यात एका वेळी तीन-चार माणसं मावतात. तुमचा जीव वाचवणारी खरी वस्तू जिना आहे. जिन्यातले चपलांचे स्टँड, सायकली हलवा. २४ मीटरवरच्या रिफ्यूज एरियाला (आगीत लोकांनी थांबायची मोकळी जागा) कुलूप लावून तिथे मंडपाचं सामान ठेवलं असेल तर आधी ते काढा. आणि बंबाच्या पाइपला जोडायचा इनलेट, ६३ मिलिमीटरचा, त्याच्यासमोर कुणाची स्कूटर उभी नसते ना?

पाथर्डीफाटा_सचिव

इनलेटसमोर चेअरमनचीच गाडी असते :) स्टेज रद्द. तळघर समोरच्या जागेखाली चार मीटर येतंय, इंजिनीअरला बोलावतो. अपघाताचं कुणी सांगेल का?

रोड_रेस्क्यू

वॉचमनना क्रम पाठ करवा, बाकी नंतर.

गाडीकडे पळण्याआधी मागची वाहनं थांबवा. रिफ्लेक्टरचा त्रिकोण सर्व्हिस रोडवर ५० मीटर मागे, हायवेवर १०० च्या पुढे. मदतीला गेलेला माणूस दुसऱ्या गाडीखाली येतो, ते इथेच. एकाने फोन करायचा : १०१ किंवा ११२, जखमी असतील तर १०८. ‘पाथर्डी फाटा’ एवढंच सांगू नका. मुंबईकडची बाजू की द्वारकेकडची, पुलावर की खाली, किती वाहनं, कुणी अडकलंय का, गळतीचा वास येतोय का, हे सांगा. चुकीच्या बाजूला आलेल्या बंबाला लांबचा वळसा पडतो.

मग इग्निशन बंद, हँडब्रेक, चाकाला दगड. विडी-सिगारेट नाही. सीएनजीची गाडी असेल आणि सुरक्षित हात पोचत असेल तर सिलिंडरचा कॉक बंद करा. सीएनजी वर उडून जातो, एलपीजी मात्र खड्ड्यात साचतो. एलपीजीचा वास आला तर वारा गळतीकडून ज्या बाजूला वाहतोय तिकडे उभे राहू नका.

आग नसेल तर अडकलेल्याला ओढू नका. मान धरून आधार द्या, बोलत राहा. एअरबॅग फुटली नसेल तर ती नंतरही फुटू शकते : बाजूच्या बॅगपासून १२ सेंटिमीटर, स्टीअरिंगपासून २५, शेजारच्या सीटसमोर ५० इतकं अंतर ठेवा. बॉनेटमधून धूर येत असेल तर ते धाडकन उघडू नका, हवा मिळाली की भडका उडतो. फटीतून ६ किलोच्या पावडरचा मारा करा. नारिंगी रंगाच्या वायर दिसल्या तर इलेक्ट्रिक गाडी आहे, त्यांना हात नाही. तिची बॅटरी विझल्यासारखी वाटून तासांनी पुन्हा पेटते.

बसची गोष्ट वेगळी. ८ ऑक्टोबर २०२२ ला पहाटे मिरची चौकात खासगी बस धडकून पेटली आणि १२ जण गेले, ते नाशिककरांना सांगायला नको. बाहेरून काच फोडायची तर बाजूच्या खिडकीच्या कोपऱ्यात टोकदार वस्तूने मारा, मधोमध नाही. समोरची काच थरांची असते, ती तडकते पण पडत नाही, तिच्यावर वेळ घालवू नका. मागचा संकटकालीन दरवाजा बाहेरूनही उघडतो, ते हँडल शोधा.

रस्त्यावर डिझेल सांडलं तर कडेकडून वाळू टाकत आत या. पाण्याने धुऊ नका. ते नाल्यातून नदीत जातं, आणि मागचे टू-व्हीलरवाले ओल्या डिझेलवर घसरतात.

टँकर असेल तर तुमच्या पोरांचं काम फक्त मागे सरण्याचं आणि लोकांना मागे सारण्याचं. मनमाड-पानेवाडीच्या डेपोतून भरून येणारे टँकर शहरात रोजचेच आहेत. मागच्या पाटीवरचा नंबर लांबून वाचा किंवा फोटो झूम करा : १२०३ पेट्रोल, १२०२ डिझेल, १०७५ एलपीजी. हाच नंबर १०१ ला सांगितला की फोम घेऊन निघायचं की नाही ते तिथेच ठरतं. पेट्रोलचा टँकर पेटला असेल तर चहूबाजूंनी ८०० मीटर, एलपीजीचा असेल तर १६०० मीटर. मोबाइलवर शूटिंग करणाऱ्यांनाही हेच अंतर लागू.

हिशोबी_माणूस

जखमीला हॉस्पिटलात नेलं तर पोलीस चौकशीत अडकवतात, म्हणून पोरं घाबरतात.

रोड_रेस्क्यू

२०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आलंय. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी-फौजदारी जबाबदारी येत नाही, नाव-पत्ता सांगायची सक्तीही नाही. कलमाचा मराठी मजकूर छापून वॉचमनच्या केबिनमध्ये, फोन नंबरच्या खाली चिकटवा.