आठवड्यातून एकदा थेरपी, जत ते मिरज. एवढ्यानं काही होतं का?

जतची_आई
मुलगा साडेपाच वर्षांचा, बालवाडीत जातो. डॉक्टरांनी ऑटिझम (स्वमग्नता) लिहिलाय, एडीएचडीचं (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) "नंतर बघू" म्हणाले. मिरजेला आठवड्यातून एकदा ओटी, म्हणजे रोजची कामं शिकवणारी ऑक्युपेशनल थेरपी, 45 मिनिटं. जाऊन-येऊन अख्खा दिवस जातो. घरी नेमकं काय करायचं? आणि एकाच मुलाला दोन्ही असतं का?

ओटी_सांगली
नुसत्या तेवढ्यानं होत नाही, ताई. ती 45 मिनिटं मुलापेक्षा तुमच्या शिकण्याची आहेत असं धरा. बाहेर बाकड्यावर बसू नका. शेवटची दहा मिनिटं तुम्ही करून दाखवा आणि चूक तिथंच सुधारून घ्या.

घरी एका वेळी एकच काम घ्या. "एकाग्रता वाढवणं" हे काम नव्हे, हात धुणं हे काम. नळ सोडणं, हात भिजवणं, साबण, चोळणं, धुणं, नळ बंद, पुसणं. पहिल्या सहा पायऱ्या तुम्ही हात धरून करा, पुसायचं तेवढं त्याच्यावर सोडा. ते जमलं की नळ बंद करणंही त्याच्याकडं. असं शेवटून मागं यायचं, म्हणजे काम पुरं करण्याचं समाधान रोज त्यालाच मिळतं. पुसून झालं की लगेच दोन बेदाणे. संध्याकाळच्या चॉकलेटचा हात धुण्याशी संबंध त्याला लागत नाही.

बहुतेक घरांत बिघडतं ते "साबण घे, अरे साबण घे"च्या माऱ्यानं. मग मूल साबणाकडं बघतच नाही, आवाजाची वाट बघतं. एकदाच सांगा, मनात पाच मोजा, नाही हललं तर मागून हात धरून न बोलता करून घ्या. तोंडी सूचनेची सवय सुटायला सगळ्यात अवघड. आजीलाही हेच सांगा, नाहीतर ती मायेनं सगळं उरकून देते. दिवसातून दोनदा दहा मिनिटं पुरे; रविवारी सलग तासभर नको.

मानसतज्ज्ञ_सातारा
दोन्ही असू शकतं. 2013 पर्यंत निदानाच्या अमेरिकी नियमावलीत ऑटिझम असताना एडीएचडी लिहिता येत नव्हतं, आता येतं. मात्र लक्षणं किमान सहा महिने आणि घर, बालवाडी अशा दोन्ही ठिकाणी दिसायला हवीत, म्हणून बाईंकडूनही फॉर्म भरून घ्या. बालवाडीत नीट बसतो आणि फक्त घरी उड्या मारतो, तर आधी घरातलं कारण शोधा. घोरतो का, झोप पुरते का, रक्तात लोह कमी आहे का, हेही तपासायचं. ऐकण्याची बेरा तपासणी झाली नसेल तर ती सर्वांत आधी.

सहा वर्षांखाली एडीएचडीला औषधाआधी पालकांचं प्रशिक्षण. पुढं मिथाइलफेनिडेट दिलं तर भूक आणि झोप कमी होऊ शकते. वजन, उंची, रक्तदाब मोजत राहावं लागतं. ऑटिझम घालवणारं औषध नाही. स्टेम सेल आणि चिलेशनच्या (औषधानं शरीरातले धातू काढण्याच्या) जाहिरातींवर एक रुपया घालवू नका.

विशेष_शिक्षिका
नोंदणी बघूनच थेरपिस्ट धरा. स्पीच, विशेष शिक्षक, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांची आरसीआयकडे (भारतीय पुनर्वास परिषद) असते. ओटीची महाराष्ट्रात वेगळी राज्य परिषद आहे, ती आरसीआयच्या यादीत शोधत बसू नका.

दिव्यांग प्रमाणपत्राचं आताच बघा. 2016 च्या दिव्यांग कायद्यात ऑटिझम आहे. एडीएचडी स्वतंत्रपणे नाही, त्यामुळं कागदावर ऑटिझम स्पष्ट हवा. मोजणी 'इसा' या ऑटिझम मोजायच्या भारतीय प्रश्नावलीवर होते: 40 मुद्दे, 70 च्या खाली गुण आले तर ऑटिझम धरत नाहीत. यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, निघालं की निरामय या सरकारी आरोग्य विम्याचा अर्ज करा, वर्षाला एक लाखापर्यंत खर्च मिळतो. थेरपीची बिलं जपून ठेवा, बिलाशिवाय काही हाती लागत नाही.

जतची_आई
स्टँडवर कान झाकून ओरडतो. त्याला काय करू?

ओटी_सांगली
पुठ्ठ्यावर ओळीनं फोटो लावा: स्टँड, एसटी, थेरपीची खोली, खाऊ, घर. एकेक झालं की त्यानंच काढून पिशवीत टाकायचा. दोन खेपा शांत गेल्या म्हणून पुठ्ठा बंद करू नका, तिसऱ्या खेपेला ओरडणं परत येतं. आवाजासाठी इअरमफ चालतात, पण फक्त स्टँडवर. दिवसभर लावले तर साधा आवाजही सोसेनासा होतो. आणि बस येण्याआधी लावा, ओरडायला लागल्यावर तो डोक्याला हात लावू देणार नाही.