अनुभव: मेडिक्लेमवाल्यांवर हात उचलावासा वाटला तो दिवस

सुरसागरकाठची
दिवाळीची झाडझूड चाललीय. बडोद्यात दांडिया बाजारातलं जुनं घर विकायला काढलंय, म्हणून माळ्यावरची बाबांची पत्र्याची पेटी खाली घेतली. वर लाइटची बिलं, १९८४ चं रेशन कार्ड, तळाशी मेडिक्लेमची फाइल. आणि फाइलीखाली काचेचा पेपरवेट. तो बघितला आणि मी मटकन खालीच बसले.

२०११. बाबांची बायपास. पॉलिसी १४ वर्षं जुनी, हप्ता एकदाही चुकला नाही, क्लेम एकदाही घेतला नाही. पत्र आलं दोन ओळींचं. फॉर्म भरताना रक्तदाब लपवला, सबब दावा नामंजूर. १९९७ मध्ये आपल्याला रक्तदाब आहे हे बाबांनाच ठाऊक नव्हतं, लपवणार काय? मी सहा खेटे घातले. सातव्यांदा गेले तेव्हा टेबलामागच्या गृहस्थांनी फाइल न उघडताच "वरून आलंय बेन" म्हटलं आणि डब्यातला खाखरा मोडून खायला लागले. माझ्या हाताशी पेपरवेट होता. उचलला. किती वेळ धरला ते आठवत नाही, पण ते खाखरा तोंडात तसाच ठेवून माझ्या हाताकडे बघत होते हे आठवतं. मग मी तो पर्समध्ये टाकला आणि निघाले. न्यायमंदिरापर्यंत स्कूटरचं हँडल थरथरत होतं.

आत्ता का आठवलं, तर परवा भाचा आला अमेरिकेहून. टी-शर्टवर लुईजी मँजिओनीचा फोटो, डोक्यामागे देवासारखं तेजोवलय. ४ डिसेंबर २०२४ ला न्यूयॉर्कमध्ये युनायटेड हेल्थकेअर या आरोग्य विमा कंपनीच्या प्रमुखाला, ब्रायन थॉम्प्सनला, मागून गोळ्या घातल्या, त्यातला आरोपी. मी म्हटलं, या घरात हे घालायचं नाही. आणि दुसऱ्याच दिवशी ही पेटी उघडली.

तर तुमचा तो दिवस कोणता? हात उचलला का? खरं लिहा.

मांजलपूरकर
बिल ३ लाख १२ हजार. पास झाले १ लाख ८८. का, तर म्हणे खोली महाग घेतली. अहो खोलीचा फरक रोजचा ३ हजार, चार दिवसांचे १२ हजार कापा ना! सव्वा लाख कसले कापता? आजतागायत कोणी समजावून सांगितलेलं नाही. डिस्चार्जच्या काउंटरवर मी जे बोललो ते इथे लिहिता येणार नाही.

आणि खरं लिहा म्हणालात म्हणून. ती न्यूयॉर्कची बातमी आली तेव्हा मी टाळी वाजवली होती. बायको म्हणाली, अहो त्याला दोन मुलं आहेत. मी म्हटलं, आपल्यालाही दोनच आहेत. आता टाइप करताना बरं वाटत नाहीये.

करेलीबागची_चकली
ताई ते १९८४ चं रेशन कार्ड टाकू नका हं. आमच्याकडे जुन्या कागदावरून वारसाचं काम झालं होतं.

माझा अनुभव नंतर लिहिते, तळण चालू आहे. चकल्या मऊ का पडताहेत कोणी सांगेल का?

वाघोडिया_रोड
@चकली, गॅस मोठा आहे तुमचा. बुडबुडे थांबेपर्यंत मंद आचेवर.

@मांजलपूरकर, काउंटरवर कोण होतं?

मांजलपूरकर
एक मुलगी होती. २३-२४ ची असेल.

क्लेम_डेस्कवाली
ती मी नव्हते, पण असू शकले असते. इथल्याच एका खाजगी हॉस्पिटलात कॅशलेसच्या डेस्कवर बसते, ६ वर्षं.

दादा, आधी तुमचं गणित. ५ लाखांची पॉलिसी असेल तुमची, खोलीला १ टक्का, म्हणजे रोजचे ५,०००. तुम्ही घेतली ८,००० ची. मग नुसता खोलीचा फरक जात नाही. खोली महाग की सर्जनची फी, ओटी, नर्सिंग सगळंच महाग लागतं असं धरतात, आणि ते सगळं पाचास आठ या हिशोबानं कापतात. औषधं आणि आत बसवलेल्या वस्तूंना ही कात्री लागायला नको, लागली असेल तर भांडा. वर हातमोजे, मास्क, किट हे वेगळं जातं. हे ॲडमिशनच्या वेळी सांगायला हवं. मी सांगते. पण पेशंट स्ट्रेचरवर असताना "५ हजारांचीच खोली घ्या" म्हटलं की नातेवाईक म्हणतात, आम्हाला भिकारी समजलीस का.

आता माझा दिवस. गेल्या वर्षीची गोष्ट. एका काकांचा डिस्चार्ज सकाळी ११ ला लिहिलेला. मंजुरी येईना. कंपनीच्या डॉक्टरची क्वेरी, की ॲडमिट करायची गरजच काय होती? आमच्या डॉक्टरांनी उत्तर दिलं, मी पाठवलं. पुन्हा तीच क्वेरी. पुन्हा पाठवलं. संध्याकाळी साडेसहाला तिसऱ्यांदा तीच! काकांचा मुलगा सकाळपासून समोरच्या बाकावर. त्याला मी दर अर्ध्या तासाला "येईलच आता" म्हणत होते. साडेसहाला तो उठला, माझा स्टेपलर उचलला आणि फेकला. भुवईवर तीन टाके. मंजुरी ६:५० ला आली. रक्त पुसत मीच प्रिंट काढली, कारण दुसरं कोणी नव्हतं.

हॉस्पिटलनं विचारलं, पोलिसात द्यायचं का. मी नको म्हटलं. मोठेपणा नाही हो त्यात, मला दुसऱ्या दिवशी सुट्टी हवी होती आणि पोलीस स्टेशनात ती गेली असती.

मी सुद्धा त्या क्वेरी पाठवणाऱ्या डॉक्टरला कधी बघितलेलं नाही. आयडी असतो नुसता. तुम्हा सगळ्यांना जे तोंड दिसतं ते माझं आहे.

मांजलपूरकर
ताई, माफ करा. खरंच.

एडिसनचा_बडोदेकर
इथे पहाटेचे ५. झोप उडाली हे वाचून.

त्या दिवशी मी ऑफिसात होतो. जेवणाच्या खोलीत बातमी आली आणि लोक हसले. मी चरकलो, आणि मग मीही हसलो. कंपनीनं शोकसंदेश टाकला त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांचा पाऊस. काडतुसांवर डिले, डिनाय, डिपोज (लांबवा, नाकारा, पदावरून खेचा) असे शब्द सापडले. पहिल्या दोन्हींचा अर्थ इथे दुसरीतल्या पोरालाही कळतो. हिचा गुडघा सुजला होता, डॉक्टरनं एमआरआय लिहिला, कंपनी म्हणाली आधी आमची परवानगी. परवानगीसाठी आधी सहा आठवडे फिजिओथेरपी. लिगामेंट तुटलेल्या पायानं! फोन केला की ४० मिनिटं संगीत. त्या ट्यूनची मला अजून शिसारी आहे.

एवढं असून सांगतो. ज्याला पकडलं (पाच दिवसांनी, पेनसिल्व्हेनियात आल्टूना गावी, मॅकडॉनल्ड्समध्ये), तो त्या कंपनीचा ग्राहकही नव्हता असं पोलिसांनीच सांगितलं. त्यानं गुन्हा नाकबूल केलाय, खटला कोर्ट बघेल. पण ज्यानं कोणी केलं, त्यानं हिच्या गुडघ्याच्या वतीनं केलं असं मला कोणी सांगू नये. हिच्या एमआरआयची परवानगी शेवटी कशी आली माहितेय? डॉक्टरकडची एक नर्स रोज फोन करत बसली म्हणून.

सुरसागर ताई, भाच्याचं गाव कोणतं? एडिसन असेल तर त्याला घरी पाठवा, चिवडा देतो. इथे लीलो चिवडा मिळतो पण तो आपल्यासारखा नाही.

शेवउसळ_एक्स्ट्रा_तर्री
लीलो चिवड्याचं नाव घेतलंत, आता ऑफिसात लक्ष लागणार नाही.

+१ धाग्याला. आमचा क्लेम दोनदा पास झालाय, पूर्ण. लिहायचं म्हणून लिहिलं, कोणी मारू नका.

नागपूरची_सून
लग्नानंतर इथे आले, माहेर नागपूर. मला हे वाचून अक्कू यादव आठवला, बायकांवर अत्याचार करणारा तिथला गुंड. १३ ऑगस्ट २००४, कस्तुरबा नगरच्या बायकांनी भर कोर्टात संपवला. मी कॉलेजात होते. आई भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "बरं झालं." माझी आई मुंगीला पण फुंकर मारून बाजूला करते. २०१४ ला सगळे आरोपी सुटले, पुरावा नाही म्हणून.

मला अजूनही त्या बायकांना चूक म्हणवत नाही. वर्षानुवर्षं त्यांनी सोसलं, पोलिसांची दारं वाजवली. पण आमच्या शेजारचे वकील काका तेव्हा म्हणाले होते, आज ज्या जमावाला तुम्ही ओवाळताय तो उद्या कोणाच्या दारात उभा राहील ते तुम्हाला विचारणार नाही. तेव्हा मला त्यांचा राग आला होता. काल आमच्या सोसायटीत पार्किंगवरून एकाला चौघांनी धुतला, तेव्हा काका आठवले. मुळात गाडी त्याची नव्हतीच.

विम्याचा अनुभव नाही माझा. सॉरी, भरकटले.

रावपुऱ्याचे_आजोबा
भरकटायचं तर आम्ही बडोदेकर पुढे. आमचे राजे मल्हारराव गायकवाड यांचं प्रकरण घ्या. नोव्हेंबर १८७४, इंग्रजांचा इथला रेसिडेंट कर्नल फेअर याच्या सरबतात सोमल आणि हिऱ्याची पूड. १८७५ मध्ये सहा जणांचं कमिशन बसलं. तीन इंग्रज म्हणाले दोषी. शिंदे महाराज, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव यांनी तसं मानलं नाही. विष सिद्ध झालं नाही, गादी मात्र गेली, गैरकारभारासाठी म्हणून. मग कवळाण्याहून १२ वर्षांचा गोपाळ आणला, तेच आपले सयाजीराव.

आता गंमत बघा. सरबताची गोष्ट इथल्या जुन्या घरांत अजून रंगवून सांगतात. त्याच्या आधी १८७३ मध्ये रयतेच्या तक्रारींची चौकशी झाली होती. लोकांनी काय गाऱ्हाणी मांडली होती? विचारा कोणालाही. विष आलं की कथेत दुसरं काही उरत नाही.

शेवउसळ_एक्स्ट्रा_तर्री
आजोबा, आणि मेडिक्लेम?

रावपुऱ्याचे_आजोबा
घेतलाच नाही. ७९ पूर्ण. सयाजी हॉस्पिटलात रांगेत उभा राहतो, तिथे अर्ध्या रांगेला मी ओळखतो.

एजंट_आहे_पण_माणूस_आहे
शिव्या पडणार हे धरून लिहितो. २२ वर्षं पॉलिसी विकतोय. दहा जणांत चार जण मला सांगतात, "शुगरचं लिहू नका, हप्ता वाढेल." मी लिहितो, तर ते दुसऱ्याकडे जातात. आणि दुसरा कोऱ्या फॉर्मवर सही घेतो. मग क्लेम फेटाळला की दोघंही माझ्यासारख्यांच्या नावानं बोटं मोडतात.

माझ्या स्कूटरची हवा तीनदा सोडलीय. एकदा सीट फाडली. आजवर मी एकही क्लेम नाकारलेला नाही, तो अधिकारच मला नाही.

सुरसागरकाठची
दादा, बाबांचा फॉर्म एजंटनंच भरला होता. बाबांनी फक्त सही केली.

एजंट_आहे_पण_माणूस_आहे
तेच म्हणतोय ताई. तो मी नव्हतो, १९९७ ला मी पॉलिटेक्निकला होतो. पण मान खाली गेली.

वाघोडिया_रोड
मी ग्राहक तक्रारींची कामं करतो, म्हणून थोडं कामाचं. चिडायचं तर चिडा, पण कागदावर.

सुरसागर ताई, तुमच्या बाबांच्या बाबतीत घडलं ते आजच्या नियमानं घडायला नको. पॉलिसी सलग ५ वर्षं चालली की "अमुक लपवलं" म्हणून दावा फेटाळता येत नाही, फसवणूक सिद्ध केली तरच. आधी ही मुदत ८ वर्षं होती, २०२४ मध्ये ५ केली. कॅशलेसची मंजुरी १ तासात आणि डिस्चार्जची ३ तासांत द्यायची हेही २०२४ चं. डेस्कवाल्या ताई हसत असतील.

आधी कंपनीकडे लेखी तक्रार, पोच ठेवा. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. गुजरातचं ऑफिस अहमदाबादला. फी नाही, वकील चालतच नाही, ५० लाखांपर्यंतची प्रकरणं घेतात. निकाल कंपनीवर बंधनकारक, तुम्हाला नाही पटला तर पुढे ग्राहक आयोग मोकळा. लोकपालाकडे कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत जायचं, इथे बरेच जण चुकतात.

आणि २०२३ मध्ये आपल्या बडोद्याच्याच ग्राहक मंचानं सांगितलंय की उपचार २४ तासांच्या आत आटोपले, एवढ्या कारणानं क्लेम नाकारता येणार नाही. त्या गृहस्थांनी बायकोच्या २०१६ मधल्या उपचाराचा क्लेम लावून धरला होता.

मांजलपूरकर
सात वर्षं. हेच तर. सात वर्षं कोण लढणार, आणि तोवर राग कुठे ठेवायचा?

वाघोडिया_रोड
खरंय. उत्तर नाही माझ्याकडे. मी फाइलमध्ये ठेवतो, आणि मला ॲसिडिटी आहे.

क्लेम_डेस्कवाली
हसतेय हो दादा. १ तास! पण एक सांगते, आता मी तो नियम छापून काचेवर चिकटवलाय. लोक माझ्याशी भांडायच्या ऐवजी त्याचा फोटो काढून कंपनीला पाठवतात. थोडा फरक पडतो.

करेलीबागची_चकली
आच मंद केली, जमल्या! वाघोडिया दादा, दिवाळीला या.

माझा अनुभव आता काय लिहू, डेस्कवाल्या ताईंचं वाचून तो लिहावासाच वाटेना. मी पण एका मुलीवर ओरडले होते २०१९ ला. सासूबाईंचा मोतीबिंदू होता. नाव पण विचारलं नाही तिचं. ओरडून झाल्यावर तिनं मला पाणी दिलं होतं, तेही मी प्याले नाही.

एडिसनचा_बडोदेकर
ताई, मुख्य राहिलंच. बाबांच्या क्लेमचं पुढे काय झालं?

सुरसागरकाठची
लोकपालाकडे भावानं कागद पाठवले. १३ महिन्यांनी दोन तृतीयांश मिळाले. पत्र आलं तेव्हा बाबा सुरसागराला फेरी मारत होते. आल्यावर वाचलं, घडी घातली आणि मला म्हणाले, "तो पेपरवेट परत देऊन ये." त्यांना ठाऊक होतं! मी कधीच सांगितलं नव्हतं. मी हो म्हटलं आणि पेटीत टाकला. आता ते ऑफिस तिथे नाही, ते गृहस्थही निवृत्त झाले असतील.

भाचा आत्ता समोर बसलाय. त्याला हा धागा वाचून दाखवला. म्हणाला, मावशी, तू मारला असतास का? मी म्हटलं, माहीत नाही रे, ते खाखरा खात होते.

रावपुऱ्याचे_आजोबा
काचेचा म्हणालात. आत निळं फूल आहे का? आमच्या कचेरीत तसेच होते, सगळ्या टेबलांवर.

सुरसागरकाठची
हो काका! निळंच. आणि तीन बुडबुडे.

क्लेम_डेस्कवाली
आमच्याकडे स्टेपलरच्या प्रकरणानंतर डेस्कवरच्या सगळ्या जड वस्तू काढून टाकल्यात. पंखा लावला की कागद उडतात, दिवसभर पकडत बसते.

करेलीबागची_चकली
ताई, यांचं स्टेशनरीचं दुकान आहे रावपुऱ्यात. प्लास्टिकच्या क्लिपा पाठवू का? दोन डझन पुरतील?