‘आउटलॉ’ला मराठीत काय म्हणावं?

स्टर्जिल सिंपसन हा अमेरिकेतल्या केंटकीचा गायक मला परवाच सापडला. गातो कंट्री, म्हणजे तिकडचं ग्रामीण वळणाचं संगीत. नोव्हेंबर २०१७, या संगीताची राजधानी नॅशव्हिल. आत कंट्री संगीताचे पुरस्कार वाटले जातायत आणि हा पठ्ठ्या बाहेर फुटपाथवर गिटार वाजवतोय, गिटारच्या उघड्या पेटीत त्याच वर्षी मिळालेलं ग्रॅमी! त्याला ‘आउटलॉ कंट्री’वाला म्हणतात. कोशात पाहिलं तर ‘दरोडेखोर, फरारी’. लेखात काय लिहू?

—

बंडखोर. झालं की.

—

तिकीट कापलं की उमेदवारसुद्धा बंडखोर होतो हो, त्या शब्दात आता दम नाही राहिला. आउटलॉ हा मुळात नॉर्स भाषेतून आलेला शब्द. कायद्याच्या छत्राबाहेर काढलेला माणूस. त्याला कुणी मारलं तरी दाद ना फिर्याद. म्हणून ‘तडीपार’ जवळचा वाटतो, पण तडीपाराला हद्द तरी सोडावी लागते.

सत्तरच्या दशकातले पहिले ‘आउटलॉ’ गायक नेमके हद्दीच्या आत-बाहेर करत राहिले. वादक कोण, स्टुडिओ कुठला, मागे व्हायोलिनांचा ताफा किती, सगळं नॅशव्हिलच्या कंपन्या ठरवायच्या. वेलन जेनिंग्जने भांडून आपल्या रेकॉर्डिंगचा ताबा मिळवला. विली नेल्सन सरळ टेक्सासात, ऑस्टिनला निघून गेला. गंमत पुढेच आहे: १९७६ साली जेनिंग्जच्याच आरसीए रेकॉर्ड कंपनीने बरीचशी जुनी गाणी गोळा करून ‘वॉन्टेड! दी आउटलॉज’ काढला आणि प्लॅटिनम (म्हणजे दहा लाख प्रती) ठरलेला तो कंट्रीतला पहिला अल्बम! मुखपृष्ठावर फरारी गुन्हेगाराच्या जाहिरातीसारखं चित्र. ज्यांच्याशी भांडण, त्यांनीच बिल्ला छापून विकला.

—

‘पुंड’ कसा वाटतो? पुंडपाळेगारांमधला. सरकारचा अंमल न मानणारा, पण आपल्या मुलखात ठाण मांडून बसलेला. हद्दीचा प्रश्नही सुटतो.

—

पुंड आवडला! सिंपसनलाही शोभतो. आधी नौदलात, मग रेल्वेत नोकरी. २०१४ च्या अल्बमचा आवाज अस्सल जुन्या कंट्रीचा, पण पहिल्याच गाण्यात बुद्ध आणि कासवं. त्याच्या जोरावर नाव झालं, तर २०१९ मध्ये कंट्री बाजूला ठेवून कर्कश रॉक आणि सोबत जपानी अॅनिमे. चाहत्यांचाही अंमल मानत नाही.

‘पुंड गवई’ असं लिहून आईला वाचायला दिलं. तिने दोन ओळी वाचून विचारलं, “कुणाला मारलं का रे याने?”

तूर्तास ‘आउटलॉ’च ठेवलाय.